सात तास, एकवीस लाख फेरे आणि एक फूट गादी

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठावर माकणी आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथलंच. १९९३ च्या भूकंपाने साऱ्या जगाला माहीत झालेली किल्लारी आणि सास्तूर ही गावं याच टापूतली. इथून पुणं सुमारे साडेतीनशे किलोमीटर. लोहाऱ्यावरून हमरस्त्याला लागायचं आणि नळदुर्ग, सोलापूर, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत हडपसरला पोचायचं. पुण्यात कामाला असलेली या भागातली पोरं सणासुदीला, लग्नाकार्याला हे अंतर गाडीवर तोडतात. एसटीला गर्दी असते आणि गावात उतरल्यावर शेतात जायला पुन्हा गाडी लागतेच, मग गाडीच घेऊन आलेलं बरं. घरी पोचल्यावर पहिला प्रश्न येतो, “कंबर मोडली का रे?” कंबर मोडत नाही, पण सात तासांत तिच्यावर काय काय येऊन आदळतं याचा हिशेब मांडला तर डोकं गरगरतं.

हिशेब सोपा जावा म्हणून अंतर ३५० किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ५० धरू. गाडी आपली नेहमीची ९७ सीसीची, एका सिलिंडरची. १८ इंची चाक टायरसकट एका फेरीत साधारण १ मीटर ८७ सेंटिमीटर जमीन कापतं. म्हणजे माकणी ते पुणे प्रत्येक चाक १ लाख ८७ हजार वेळा फिरतं. हा आकडा इंजिनापुढे काहीच नाही. टॉप गियरमध्ये या वेगाला इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेतं. सात तासांची ४२० मिनिटं, म्हणजे एकवीस लाख फेरे. फोर स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं, म्हणून मांड्यांच्या मध्ये साडेदहा लाख स्फोट होतात.

पिस्टनचा प्रवास तर वेगळाच. अशा इंजिनात पिस्टन एका दिशेला ४९.५ मिलिमीटर सरकतो आणि तेवढाच परत येतो. एका फेरीत ९९ मिलिमीटर, तर एकवीस लाख फेऱ्यांत २०८ किलोमीटर. गाडी माकणीहून पुण्याला जाईपर्यंत पिस्टन आपल्या पाच सेंटिमीटरच्या खोलीत खालीवर करत २०८ किलोमीटर चालून येतो. प्रत्येक टोकाला त्याला थांबून उलटं फिरावं लागतं. त्या क्षणी त्याच्यावरचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सातशे पटींच्या घरात जातं. हा धक्का सेकंदाला ८३ वेळा फ्रेममध्ये उतरतो, फ्रेममधून सीटच्या पत्र्यात आणि पत्र्यातून गादीत. तळव्यांना मुंग्या येतात त्या याच थरथरीने. बुडाला मात्र ती फारशी त्रास देत नाही, कारण इतकी बारीक आणि भरभर थरथर फोम बरीचशी गिळून टाकतो. बुडाची खरी भांडणं दोन गोष्टींशी असतात. एक म्हणजे स्वतःचं वजन आणि दुसरी म्हणजे रस्त्याचा संथ, जड हेलकावा.

आधी वजन पाहू. माणूस ६५ किलोचा आहे. त्यातले वीसेक किलो फूटरेस्ट आणि हँडल उचलतात असं धरलं, तर सीटवर ४५ किलो येतात. टेकायला जागा किती? साधारण एका चौरस फुटाएवढी, म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर धरू. हे ४५ किलो देवाने स्वतः बसून सगळीकडे अगदी सारखे वाटून दिले, तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५० ग्रॅम भार येतो.

५० ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. १९३० मध्ये यूजीन लँडिस या संशोधकाने माणसाच्या नखाच्या मुळाशी, केसाहून बारीक रक्तवाहिनीत काचेची सुई घालून तिच्यातला दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका निघाला. ग्रॅमच्या भाषेत हा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ ग्रॅम होतो. बाहेरून याहून जास्त भार सतत राहिला की त्या बारीक नळ्या मिटायला लागतात आणि तिथल्या मांसाला रक्त कमी पडतं. हा आकडा बोटाचा आहे. तो सगळ्या शरीराला जसाच्या तसा लागू होत नाही, जागेगणिक आणि माणसागणिक बदलतो. तरीही देवाने वाटून दिलेली आदर्श बैठकसुद्धा या रेषेच्या वरच आहे, हे ध्यानात घ्यायला हवं.

देव वाटून देत नाही हे आपल्याला ठाऊक आहेच. बसलेल्या माणसाचं वजन मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येतं. त्यांच्या टोकांखाली मिळून ५० चौरस सेंटिमीटर जागा धरली आणि तिच्यावर निम्मं वजन आलं, तर चौरस सेंटिमीटरला ४५० ग्रॅम होतात, म्हणजे नखाखालच्या आकड्याच्या दहा पट. मायकेल कोसियाक या डॉक्टरने प्राण्यांवर केलेल्या प्रयोगात ७० मिलिमीटर पाऱ्याचा दाब सलग दोन तास ठेवल्यावर मांसपेशीत कायमची बिघाडाची खूण दिसली. आपल्या भाषेत हा दाब ९५ ग्रॅम. निरोगी माणसाचं बूड गाडीवर असं सडत नाही, कारण त्याला दुखतं आणि दुखलं की तो हलतो. वेदना इथे पहारेकऱ्याचं काम करते. पाठीच्या कण्याला इजा होऊन जाणीव गेलेल्या व्हीलचेअरवरच्या माणसाला हा पहारेकरी मिळत नाही. म्हणून त्याला दर १५ ते ३० मिनिटांनी वजन उचलून धरायला किंवा एका बाजूला झुकायला शिकवतात, आणि तेही मिनिट-दोन मिनिटं, कारण दबलेल्या जागी रक्त पुरतं परतायला तेवढा वेळ जातो. सोलापूर ते भिगवण न थांबता रेटणारा पोरगा एवढा वेळ कधीच देत नाही.

आता त्या एक फूट गादीत काय असतं ते बघू. पॉलीयुरेथेन हा पदार्थ १९३७ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुसेन इथे ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधला, पुढे त्याचा मऊ फोम निघाला आणि जगभरच्या बैठका त्याने भरल्या. सीटचा बरा फोम घनमीटरला ५० किलोच्या आसपास भरतो. तेच प्लास्टिक ठोस असतं तर घनमीटरला सुमारे १,२०० किलो भरलं असतं. म्हणजे फोममध्ये प्लास्टिक जेमतेम ४ टक्के आणि हवा ९६ टक्के. ७० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ८ जाड अशी दोघांची सीट धरली तर तिचं आकारमान १४ लिटर होतं. त्यातलं खरं प्लास्टिक सहाशे मिलिलिटरही नाही. दोन माणसांचं वजन पाण्याच्या एका बाटलीत मावेल एवढ्या पदार्थाने पेललेलं असतं. त्याची जाळी दबल्यावर वाकते आणि पुन्हा उसळते, म्हणून ते जमतं.

इथेच शोरूममधला डाव फसतो. दोन मिनिटं बसून “मऊ आहे” म्हणून जी सीट पसंत पडते तीच टेंभुर्णीला पोचेस्तोवर वैरी होते. मऊ फोम हाडाखाली सहज चेपतो, चेपत चेपत तळाच्या पत्र्याजवळ जातो, आणि चेपून चपटा झाल्यावर त्याच्यात द्यायला काही उरत नाही. मग हाड आणि पत्रा यांच्यात नुसतं रेक्झिन आणि मांस राहतं. घट्ट फोम सुरुवातीला टोचतो, पण हाडाला फार खोल जाऊ देत नाही आणि भार मांड्यांकडे सरकवतो. गावोगावच्या कुशनवाल्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. तो जुना फोम हाडाच्या जागी कापतो, खाली घट्ट थर आणि वर पातळ मऊ थर देतो, पुढचा उतार काढतो. हा उतार राहिला तर ब्रेकगणिक माणूस टाकीकडे घसरतो आणि पुन्हा मागे सरकतो. मराठवाड्याच्या उन्हात काळं रेक्झिन तापतं, घाम आत कोंडतो आणि ओल्या कातडीचं घासणं वाढतं. त्यावर पिढीजात उपाय सीटवर टाकायचा सोलापुरी टॉवेल किंवा घोंगडीचा तुकडा. तो गादीला मऊ करत नाही. घाम शोषतो, कातडी आणि रेक्झिन यांच्यात थोडी हवा ठेवतो, आणि कातडीऐवजी स्वतः सरकतो.

वजन झालं. आता रस्ता. बसलेल्या माणसाचं धड, म्हणजे पोट, छाती, कणा मिळून, सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांना सगळ्यात जास्त साथ देतं. त्या गतीने खालून हलवलं की आतले अवयव खालच्या हादऱ्यापेक्षा मोठ्याने हलतात. ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. रस्त्यावर दर पावणेतीन मीटरला एक उंचवटा असेल, तर या वेगाला सेकंदाला पाच हेलकावे बसतात, नेमके त्या वाईट पट्ट्यात. तोच रस्ता ताशी ३० ने गेलात तर हेलकावे तीनवर येतात आणि धड सुटतं. खराब रस्त्यावर वेग कमी केल्यावर बरं वाटतं त्यामागे हेही एक कारण आहे. सात तास पाचच्या गतीने हेलकावे बसत राहिले, तर त्यांची बेरीज १ लाख २६ हजार होते.

हेलकाव्यांपेक्षा झटका वाईट, हे कंपन मोजणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. अंगाला बसणाऱ्या कंपनाची मोजदाद आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकाने होते. साध्या कंपनासाठी नियम वर्गाचा आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या कामगार निर्देशात आठ तासांच्या पाळीला सेकंद-वर्गाला अर्धा मीटर ही सावध होण्याची पातळी आहे. कंपन दुप्पट झालं की तीच पातळी दोन तासांतच गाठली जाते. खड्ड्यांच्या झटक्यांसाठी मात्र हेच मानक चौथ्या घाताने मोजायची सोय देतं. झटका दुप्पट जोराचा असेल तर त्याची मोजणी दोन पट, चार पट नाही, १६ पट. एक सणसणीत खड्डा सोळा मध्यम खड्ड्यांना भारी पडतो तो असा.

गतिरोधकाचं गणित तर कागदावरही घाबरवतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो. तो ताशी २५ ने ओलांडायला बनवलेला आहे. त्या वेगाला माथ्यावर माणूस सीटवर २९ टक्के हलका होतो, एवढंच. वेग ताशी ४६ च्या वर गेला की स्प्रिंग-शॉकअप बाजूला ठेवून केलेल्या हिशेबात सीटवरचं वजन शून्य होतं, म्हणजे माणूस हवेत. खाली येताना ते सगळं वजन व्याजासकट परत मिळतं. आणि हा झाला नियमातला गतिरोधक. गावाच्या वेशीवर लोकांनी हौसेने घातलेला डांबराचा उभा वरंबा या कमानीपेक्षा कितीतरी तीव्र असतो. तिथे हवेत जायला ४६ ची गरज पडत नाही.

आतापर्यंतचा सगळा हिशेब चालवणाऱ्याचा होता. लांबच्या प्रवासाच्या गप्पांमध्येही तोच असतो. पण आपल्याकडची गाडी डबलसीट असते, आणि खरी बेरीज मागच्या सीटवर होते.

दोन चाकांमधलं अंतर साधारण सव्वा मीटर. चालवणारा त्यांच्या मधोमध बसलाय आणि मागची व्यक्ती बरोबर मागच्या चाकाच्या आसावर, असं धरू. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की मधल्या माणसाला निम्मा झटका बसतो. सेकंदाच्या अकराव्या भागात मागचं चाक तिथे येतं, तेव्हा पुन्हा निम्मा. मागच्या व्यक्तीला पहिल्या वेळी जवळजवळ काहीच नाही, दुसऱ्या वेळी मात्र पुरा. बेरीज दोघांची सारखी वाटते. पण झटका चौथ्या घाताने मोजायचा आहे. निम्म्या झटक्याचा चौथा घात एक सोळांश, असे दोन मिळून एक अष्टमांश. पुऱ्या झटक्याचा पूर्ण एक. याचा अर्थ, मागची व्यक्ती एका तासात जितकी हादरते तितकं हादरायला पुढच्याला आठ तास लागतील. सात तासांच्या वाटेवर मागच्या सीटने छप्पन्न तासांचं भरलं. प्रत्यक्षात चालवणारा मधोमध नसून जरा मागे बसतो, म्हणून फरक आठ पटींवरून सहा-साडेसहा पटींवर येतो. शॉकअप आणि फोम त्यातलं आणखी काही खातात, पण दोघांचंही खातात.

त्यात मागे बसलेली बाई साडीत, दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलेली असेल, तर आधीचा वजनाचाही हिशेब बदलतो. भार एका बाजूच्या हाडाकडे झुकतो, टेकायची जागा घटते, कणा पिळलेला राहतो. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो आणि तो अंग सावरून, पायांवर उठून झटका गुडघ्यांत घेतो. तिला तो दिसतच नाही, आणि दिसला तरी उठायला दोन्ही पायांखाली आधार नसतो. मांडीवर पोर असेल तर एक हातही अडकलेला. आपल्या कायद्याने तिची दखल घेतली आहे ती अशी: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं मागचं चाक झाकणारी जाळी सक्तीची करतो. बैठक किती रुंद, किती जाड, याबद्दल तिथे अक्षर नाही. नऊवारीला मात्र हा अडथळा नाही, कासोट्यामुळे दोन्हीकडे पाय टाकता येतात. पुण्याच्या रमाबाई लटपटे २०२३ मध्ये नऊवारी नेसूनच मोटारसायकलवर जगाच्या प्रवासाला निघाल्या होत्या.

हे एका गाडीचं. २०२२ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार देशात २१ कोटींहून जास्त दुचाक्या नोंदलेल्या होत्या. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात आणखी १ कोटी ९६ लाख विकल्या गेल्या, म्हणजे रात्रंदिवस दर १.६ सेकंदाला एक. मघाची ७० सेंटिमीटरची सीट धरून २१ कोटी सीटा एकापुढे एक लावल्या तर १ लाख ४७ हजार किलोमीटरची रांग होते, पृथ्वीच्या विषुववृत्ताला साडेतीन वेढे बसून वर उरेल इतकी. अंथरल्या तर सुमारे नऊ हजार एकर झाकतील. नऊ हजार एकर फोम, आणि त्यातला जवळपास निम्मा मागे बसणाऱ्यांच्या वाट्याचा.

जगात याच बैठकीचा खेळ करणारेही आहेत. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनच्या सॅडल सोअर या आव्हानात २४ तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर कापायचे असतात. थांबे धरून सरासरी ताशी ६७. आपल्याकडेही हे प्रमाणपत्र मिळवणारे आता पुष्कळ आहेत. त्याच संस्थेच्या मोठ्या रॅलीत ११ दिवसांत ११,००० मैल होतात, म्हणजे तोच दिवस सलग अकरा वेळा.

याहून चक्रावणारा माणूस अर्जेंटिनाचा एमिलिओ स्कॉटो. जानेवारी १९८५ ते एप्रिल १९९५ या काळात त्याने एकाच होंडा गोल्ड विंगवर ७ लाख ३५ हजार किलोमीटर केले. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे स्कॉटो चंद्रावर जाऊन जवळजवळ घरापर्यंत परत आला. आता हा आकडा सव्वादहा वर्षांच्या दिवसांनी भागा. दिवसाला २०० किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. अर्थात हे सरासरीचं गणित, काही दिवस तो मुक्कामी असणार आणि काही दिवस याच्या कितीतरी पट चालला असणार. तरी गोष्ट उरतेच. चंद्राचं अंतर कापणाऱ्या माणसाची रोजची सरासरी माकणी-पुण्याच्या एका खेपेच्या सहा दशांशाच्या आत आहे. आणि त्याच्या बुडाखाली दिमाखदार, रुंद गादी होती. आपला पोरगा ते अंतर एका बैठकीत, पाव मीटर रुंदीच्या सीटवर, मागे माणूस आणि पुढे टाकीवर पिशवी घेऊन करतो.

या सगळ्या आकड्यांत आपल्या हातात असलेले दोनच. फोम, रेक्झिन, जेल, हवेची गादी यांनी दाब वाटला जातो, पण देवाच्या वाटणीतही तो ५० ग्रॅमच्या खाली येत नाही हे वर पाहिलं. झटक्याचा आकडा वेगाने कमी होतो आणि दाबाचा काळ थांबण्याने. दर पन्नास किलोमीटरला पाच मिनिटं उतरलं, तर पुण्यापर्यंत सहा थांबे होतात आणि एकूण अर्धा तास वाढतो. त्या बदल्यात सलग ४२० मिनिटांचा दाब तुटून एका वेळी ६० मिनिटांवर येतो. मधल्या वाटेत चालवणाऱ्याने अधूनमधून फूटरेस्टवर उभं राहून अर्धा मिनिट हाडं मोकळी केली, तर आणखी बरं. फुकट मिळणारा याहून मोठा आराम कुठलाही कुशनवाला देऊ शकत नाही.

मात्र थांबायचं कधी, हे आपल्याकडे हँडल धरणारा ठरवतो, म्हणजे दोघांतला कमी हादरलेला माणूस. त्याला कंटाळा आला, चहाची तल्लफ आली की गाडी उभी राहते. सहा ते आठ पटींचा हिशेब पटत असेल तर हा अधिकार मागच्या सीटकडे द्यायला हवा. मागून खांद्यावर थाप पडली की पुढच्या ढाब्यावर गाडी घ्यायची, “अजून जरा पुढे जाऊ” म्हणायचं नाही.